मरळीचे तळे आणि चाऱ्याची मासळी

गोड्या पाण्यातील मासळीमध्ये मरळीला बाजारात मिळणारा मान सर्वांच्या परिचयाचा आहे. तिच्या अंगात बारीक काटे नसतात, ती जिवंत स्थितीत बाजारापर्यंत पोचते आणि आजारी माणसाला शक्ती येण्यासाठी ती आवर्जून खाऊ घालण्याची चाल आपल्याकडे अनेक ठिकाणी आहे. शेजारच्या तेलंगण राज्याने तर मरळीलाच आपला राज्यमासा मानले आहे. यामुळे ज्या शेतकऱ्याच्या शेतात स्वतःचे तळे झाले आहे, त्याच्या मनात आज ना उद्या मरळ सोडण्याचा विचार येतोच. महाराष्ट्रात २०१६ सालानंतर ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेखाली अशी तळी पुष्कळ झाली. घरच्या खाण्यासाठी, चार पैशांच्या विक्रीसाठी किंवा गळ टाकून मासे धरणाऱ्या हौशी लोकांसाठी असे खाजगी तळे राखता येते. मात्र मरळ सोडण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मालकाजवळ तयार असावयास पाहिजे. तो प्रश्न म्हणजे, ही मासळी खाणार काय?

कटला, रोहू आणि मृगळ यांच्या बाबतीत हा प्रश्न फारसा बिकट नसतो. पाण्यातील प्लवंग, कुजलेला पाला, तळाचा गाळ आणि वरून टाकलेला कोंडा व पेंड यांवर त्यांचे पोषण होते. मरळीचे तसे नाही. अगदी लहानपणी ती पाण्यातील सूक्ष्म जीव खाते, पुढे किड्यांवर राहते, आणि बोटाएवढी झाली की दुसऱ्या माशांवर जगू लागते. दुसरे मासे न मिळाल्यास ती आपल्याच भावंडांना खाते. शंभर मरळी सोडल्या आणि वर्षाअखेर जाळ्यात दहाच आल्या, अशी तक्रार ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांच्या कानावर अनेकदा येते. चोरी झाली, पाणसाप लागला, बी खराब होते, अशी कारणे मग शोधली जातात. पुष्कळ वेळा उरलेल्या दहा मरळींनीच बाकीच्या नव्वदांचा फडशा पाडलेला असतो.

गोळीखाद्य खाण्याची सवय लावलेले मरळीचे बी आता मिळू लागले आहे व त्यावर दाट संवर्धनही केले जाते. तो धंदा निराळा, त्याचे भांडवलही निराळे. ज्याला तेवढा खर्च झेपत नाही आणि तळ्याच्या स्वतःच्या जोरावर थोडी पण चांगली मरळ काढावयाची आहे, अशा शेतकऱ्यासाठी पुढील विवेचन आहे.

कुरणाचा हिशेब

गायरानात किती गुरे चरतील हे गवतावरून ठरते. गुरांच्या बाजारभावावरून नव्हे. मरळीच्या तळ्यात लहान मासे हेच गवत होय. हे गवत मुळापासून खुरडले गेले तर पुन्हा फुटणार नाही, आणि चरणारे जनावरच नसेल तर रान माजून निरुपयोगी होईल. ही गोष्ट शास्त्रीय पायावर प्रथम मांडण्याचे श्रेय अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या ऑबर्न येथील कृषी प्रयोगकेंद्रातील संशोधक होमर स्विंगल यांच्याकडे जाते. तेथील शेतकऱ्यांच्या खाजगी तळ्यांत बास नावाचा भक्षक मासा आणि त्याचा चारा म्हणून ब्लूगिल नावाचा लहान मासा एकत्र सोडण्याची पद्धत त्यांनी अभ्यासली. कित्येक तळी रिकामी करून त्यांतील माशांची वजने केल्यावर १९५० साली त्यांनी असे दाखविले की, चारा-माशांचे एकूण वजन भक्षक माशांच्या वजनाच्या साधारण तीन ते सहा पट असते, त्या तळ्यातून वर्षानुवर्षे खाण्याजोगी मासळी निघत राहते. तेथे ब्लूगिल अगोदर सोडतात आणि त्याची वीण सुरू झाल्यावर मागाहून बास सोडतात.

आपली मरळ म्हणजे बास नव्हे आणि आपले पाणीही तेथल्यासारखे नाही. म्हणून ते आकडे जसेच्या तसे उचलण्यात अर्थ नाही. तथापि चारा आधी आणि भक्षक नंतर, तसेच चारा पुष्कळ आणि भक्षक थोडे, ही दोन्ही तत्त्वे येथेही तितकीच खरी आहेत.

आता हिशेब करून पाहू. एक किलो मरळ वाढण्यास साधारणपणे पाच ते दहा किलो लहान मासे खर्ची पडतात असे धरावे. तीस मीटर लांब व तीस मीटर रुंद तळ्याचे पृष्ठक्षेत्र ९०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे नऊ गुंठे भरते. अशा तळ्यातून अर्धा अर्धा किलोच्या वीस मरळी, म्हणजे दहा किलो मासळी काढावयाची असेल, तर हंगामात पन्नास ते शंभर किलो लहान मासे त्यांच्या पोटात जावयास हवेत. तेवढे मासे निर्माण होऊनही पुढील विणीसाठी काही शिल्लक राहिले पाहिजेत. खत घातलेल्या, चांगल्या राखलेल्या तळ्यालाही हे काम सोपे नाही. म्हणून दर गुंठ्यास दोन ते तीन बोटुकली, म्हणजे मरतुक धरून नऊ गुंठ्यांच्या तळ्यास पंचवीस ते तीस, याहून अधिक मरळ चाऱ्याच्या भरवशावर सोडू नये. बी विकणारा हजार सोडा म्हणून सांगतो. त्याला बी विकावयाचे असते.

दहा किलोचे उत्पन्न ऐकून काही शेतकरी निराश होतील. त्यांच्यासाठी दुसरा मार्ग पुढे दिला आहे. पण हिशेब आधी कळलेला बरा.

चाऱ्यासाठी कोणता मासा घ्यावा

चाऱ्याचा मासा निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. तो आपल्याच भागातला असावा. तो साचलेल्या पाण्यात स्वतः वीण करणारा असावा. पूर्ण वाढीनंतरही तो बोटाएवढाच राहावा, कारण मरळ आपल्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठा मासा सहसा गिळीत नाही. आणि तो प्लवंग, शेवाळ, कोंडा यांवर जगणारा असावा. दुसऱ्याची अंडी व पिले खाणारा नसावा.

या कसोटीला आपल्या ओढ्या-तलावांतील साधे लहान मासे उत्तम उतरतात. रुपेरी खवल्यांचा व शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका असलेला पुंटियस, अंगावर लांब काळी रेघ असलेला सडपातळ रासबोरा, आणि बंगालात ज्याला मोला म्हणतात तो बारीक खवल्यांचा चपटा मासा, हे तिन्ही या कामाचे आहेत. जिल्ह्याजिल्ह्यांत त्यांची नावे बदलतात. गावातील भोई किंवा ढीवर बंधूंना मासा दाखविल्यास ते नाव व ठिकाण दोन्ही सांगतील. गोड्या पाण्यातील लहान झिंगेही मरळीस आवडतात आणि तळाशी पडलेला पालापाचोळा खाऊन वाढतात.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्यांना आपण चारा म्हणतो, ते मासे गरिबाच्या ताटातले मोलाचे अन्न आहे. लहान मासा काट्यासकट खाल्ला जात असल्याने त्यातून भरपूर चुना मिळतो, आणि मोला माशात तर अ जीवनसत्त्वही विपुल असते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील मालगुजारी तलावांवर अनेक ढीवर कुटुंबे या मासळीवर जगत आली आहेत. म्हणून चाऱ्यासाठी मासे आणताना एका डबक्यातून सगळे उपसून आणू नयेत. लागतील तेवढेच घ्यावेत.

कटला, रोहू व मृगळ यांची पिले चारा म्हणून सोडली तर चालणार नाही काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. मरळ ती आनंदाने खाईल, यात शंका नाही. पण या तीन जाती तळ्याच्या साचलेल्या पाण्यात वीण करीत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते, आणि १० जुलै १९५७ रोजी संप्रेरकाच्या टोचणीने त्यांची वीण साधली गेल्यापासूनच त्यांचे बी हवे तितके मिळू लागले. तळ्यात सोडलेली पिले एकदा खाल्ली गेली की संपली. पुन्हा विकत आणणे आले. बीजकेंद्रावर हंगामाअखेर उरलेले बारीक बी स्वस्तात मिळत असल्यास पूरक म्हणून जरूर घ्यावे, पण त्यावर तळे उभारू नये. सायप्रिनस तळ्यात वीण करतो, हे खरे. परंतु तो इतक्या वेगाने वाढतो की थोड्याच महिन्यांत मरळीच्या घशाबाहेर जातो, आणि तळाशी उकरून पाणी गढूळ करतो.

आता चिलापीविषयी. हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. तो दोन-तीन महिन्यांत वयात येतो, वर्षातून अनेक वेळा वीण करतो, पिले तोंडात सांभाळतो आणि कसल्याही पाण्यात टिकतो. चाऱ्यासाठी याहून सोयीचा मासा कोणता, असे वरवर वाटेल. तथापि मरळीची संख्या थोडी कमी पडली की चिलापीची दाटी होते, सगळा माल खुजा राहतो, आणि तळहाताएवढी झालेली चिलापी मरळ गिळू शकत नाही. पावसाळ्यात सांडव्यावाटे ती ओढ्यात व ओढ्यातून नदीत गेली की परत आणता येत नाही. उजनीच्या जलाशयावर ज्यांनी जाळी टाकली आहेत, त्यांना तिने तेथे किती जागा व्यापली आहे हे सांगावयास नको. सुधारित चिलापीच्या संवर्धनासाठी शासनाची परवानगी लागते. चारा म्हणून ती मोकळ्या तळ्यात सोडणे हा त्याचा उद्देश नाही. डास खाण्यासाठी परदेशातून आणलेला गॅम्बुसिया हाही नको. तो इतर माशांची अंडी व पिले कुरतडतो. थाई मागूर या नावाने विकला जाणारा आफ्रिकी मासा तर कोणत्याही कारणाने तळ्यात येता कामा नये. त्याच्या संवर्धनावर देशात २००० सालापासून बंदी आहे.

तळ्याची तयारी आणि चाऱ्याची पेरणी

तळे शक्य असल्यास उन्हाळ्यात पूर्ण आटवून तळ तापू द्यावा. आटत नसेल व जुने भक्षक मासे असतील, तर मोहाची पेंड हेक्टरी २,५०० किलो, म्हणजे नऊ गुंठ्यांच्या तळ्यात मीटरभर पाणी असताना सुमारे २२५ किलो, भिजवून सर्वत्र टाकावी. तिचा विषार दोन-तीन आठवडे राहतो. त्यानंतर तीच पेंड खत म्हणून उपयोगी पडते. त्या अवधीत तळ्यात काहीही सोडू नये. पुढे मातीच्या आम्लतेप्रमाणे चुना १८ ते ४५ किलो, आणि आठवड्याने ताजे शेण १८० किलोच्या आसपास टाकावे. पाणी हिरवट झाले की हात कोपरापर्यंत बुडवून पाहावे. तळवा दिसेनासा होण्याच्या बेतात असेल तर प्लवंग पुरेसे आहेत. मनगटाजवळच दिसेनासा झाला तर शेण थांबवावे.

प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या तळ्यात ही तयारी अपुरी पडते. तेथे गाळ नाही, वनस्पती नाहीत, अंडी चिकटविण्यास आधार नाही. अशा तळ्यात काथ्याच्या दोऱ्यांचे झुबके किंवा वाळलेल्या गवताच्या पेंढ्या काठापासून हातभर आत पाण्यात लोंबत्या ठेवाव्यात. मातीच्या तळ्यात चौथा हिस्सा पाणवनस्पतींसाठी मोकळा ठेवावा. लहान माशांना लपण्यास जागा नसेल तर मरळ त्यांचे बीही शिल्लक ठेवणार नाही. उलट सगळे तळे वनस्पतींनी भरले तर तिला शिकारच साधणार नाही. मरळ पाठलाग करणारी नव्हे. ती दबा धरते. मातीच्या तळ्याच्या तळाशी बाभळीच्या काही फांद्या टाकल्यास आडोसाही होतो आणि रात्री जाळे ओढणाऱ्याचा बंदोबस्तही होतो. अस्तराच्या तळ्यात मात्र काटेरी फांद्या घालू नयेत.

पहिल्या पावसाने तळे भरले की जुलैमध्ये चाऱ्याचे मासे सोडावेत. दर गुंठ्यास शंभर-सव्वाशे वाढ झालेले मासे धरावेत. हे वीण करणारे बियाणे आहे, भक्ष्य नव्हे. हे मासे नाजूक असतात. खवले उडाले की ते दगावतात, म्हणून सकाळच्या गारव्यात, मऊ जाळ्याने धरून, थोडे थोडे आणावेत. पिशवी तळ्याच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवून मग तोंड उघडावे. आणलेले मासे एकदम तळ्यात न ओतता लहान टाकीत किंवा कापडी हौदात आठवडाभर वेगळे ठेवणे फार हिताचे आहे. भारतात १९८८ साली शिरलेल्या व्रणरोगाला मरळ आणि पुंटियस हे दोन्ही मासे चटकन बळी पडतात. अंगावर तांबडे चट्टे, पुढे खोल जखमा, आणि पावसाळा सरून थंडी पडू लागली की मरतुक, अशी त्याची चाल असते. एका आजारी डबक्यातील पसाभर चारा-मासळी सगळ्या तळ्याचे नुकसान करू शकते. वेगळे ठेवलेल्या माशांत चट्टेवाला एक जरी दिसला तरी ती सगळी खेप टाकून द्यावी. येथे काटकसर नको. त्याच वेळी मासे एकेक करून पाहिल्यास त्यांत मिसळून आलेली चिलापी, सकर किंवा दुसऱ्या भक्षक माशांची पिलेही वेचून काढता येतात.

लहान माशांना भाताचा कोंडा व भुईमुगाची पेंड समभाग मिसळून रोज सकाळी ठरलेल्या जागी थोडी द्यावी. कोंड्यापासून लहान मासा आणि लहान माशापासून मरळ असा दुहेरी प्रवास असल्याने या खर्चाला मर्यादा हवी. जे अर्ध्या तासात संपत नाही ते जास्त झाले असे समजावे.

मरळ केव्हा सोडावी

पावसाळ्यात मरळीची वीण होते. तांबूस पिलांचा थवा पाण्यावर हलताना दिसतो व आईबाप खालून राखण करीत असतात. असा थवा सबंध उचलणे, किंवा राखण करणाऱ्या जोडीलाच गळाला लावणे, म्हणजे त्या तलावातील पुढल्या वर्षाची मरळ संपविणे होय. शक्यतो मान्य बीजकेंद्रातील बोटुकली घ्यावी. ती आठ-दहा सेंटिमीटर लांबीची आणि सर्व एकसारखी असावी. दोन मोठी आणि बाकी लहान अशी असल्यास काय होते ते वर सांगितलेच आहे.

सोडण्याचा काळ सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. त्याआधी बारीक जाळ्याचा एक हात मारून पाहावा. सोडलेल्या मोठ्या माशांबरोबर नखाएवढी, पेराएवढी पिले पुष्कळ आली, तर चारा उगवला आहे. पिले आली नाहीत तर मरळ आणण्याची घाई करू नये; बियाणे खाल्ले जाईल आणि दोन्ही हातचे जाईल.

मरळ हवेतून श्वास घेते. ओल्या गवतातून सरपटत ती एका डबक्यातून दुसऱ्यात जाते, म्हणून तळ्याभोवती दोन-अडीच फूट उंच जाळीचे कुंपण आतल्या बाजूस कललेले असावे, आणि सांडव्यास जाळी हवीच. तिच्या याच गुणामुळे आणखी एक फसगत होते. पहाटे पाण्यातील प्राणवायू कमी पडला, तर लहान मासे वर येऊन तोंडे उघडझाप करतात व मरतात. मरळीला मात्र काहीच होत नाही. मालक पाहतो तर मरळी ठणठणीत! महिन्याभराने त्यांची उपासमार सुरू होते आणि कारण कोणाच्या ध्यानात येत नाही. सबब मरळीच्या तळ्यावर पहाटेची नजर लहान माशांवर ठेवावी. ते वर आले तर शेण व कोंडा बंद करून ताजे पाणी सोडावे किंवा पंपाने पाणी खेळवावे.

महिन्यातून एकदा जाळे टाकावे आणि जे येईल ते नीट पाहावे. मरळीचे डोके मोठे व अंग बारीक दिसले आणि जाळ्यात पिले नसली, तर मरळ जास्त झाली आहे. मोठ्या असतील त्या काढून विकाव्यात, भावाची वाट पाहू नये. याउलट मरळ गुबगुबीत पण थोडी आणि लहान मासे दाट व सगळे एकाच मापाचे दिसले, तर जाळ्याने लहान मासे काढून घरी खावेत किंवा बाजारी न्यावेत. दोन्हींची निरनिराळ्या मापांची पिढी एकाच जाळ्यात दिसणे ही तळ्याच्या प्रकृतीची उत्तम खूण होय.

कटला-रोहूच्या तळ्यातील राखणदार

वर म्हटलेला दुसरा मार्ग असा. ज्याच्या तळ्यात कटला, रोहू व मृगळ आहेत, त्याच्याकडे पावसाच्या पाण्याबरोबर लहान निकामी मासे आपोआप शिरतात आणि कोंडा-पेंडीत वाटेकरी होतात. तेथे हेच लहान मासे मरळीचा चारा ठरतात. कटला-रोहूची पिले वीतभर, म्हणजे वीस सेंटिमीटरच्या पुढे गेल्यावर बोटाएवढी मरळ गुंठ्यास एक या प्रमाणात सोडली, तर ती कटला-रोहूला धक्का लावू शकत नाही आणि तळ निंदून दिल्याप्रमाणे लहान मासे आटोक्यात ठेवते. हंगामाअखेर मुख्य मासळीबरोबर आठ-नऊ मरळीही हाती येतात. नवख्या शेतकऱ्याने सुरुवात येथूनच करावी, असे आमचे मत आहे. मात्र पुढील वर्षीचे कटला-रोहूचे बी सोडण्यापूर्वी एकूण एक मरळ काढली गेली पाहिजे. एक-दोन राहिल्या तरी नव्या बोटुकलीची धूळधाण होते. मरळ गाळात दडते, जाळ्याखालून निसटते. त्यासाठी पाणी उपसून तळ दाखविण्याची सोय ज्या तळ्याला आहे, तेथेच हा प्रयोग करावा.

हे सर्व स्वतःच्या मालकीच्या, ओढ्या-नाल्याशी संबंध नसलेल्या तळ्यापुरते आहे. ग्रामपंचायतीच्या किंवा जिल्हा परिषदेच्या तलावात, जेथे सहकारी संस्थेने मासेमारीचा ठेका घेऊन बी सोडलेले असते, तेथे कोणी आपल्या हौसेखातर मरळ टाकली, तर संस्थेच्या सभासदांचे वर्षाचे पोट मारले जाते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी तळ्याची जागा पाहतानाच सांडव्याचे पाणी कोठे जाते हे चालत जाऊन पाहावे, आणि ते गावतलावात उतरत असेल तर त्या शेतकऱ्यास मरळीचा सल्ला देऊ नये.